वढाळ डोळा

"बाई, निरगुडीचा पाला नेते हं थोडा. गुडघा शेकायचाय."

आक्काला पाला हवा असतो हे खरं, पण पाला हे निमित्तही असतं. आमच्या दोन परसांच्या मध्ये निरगुडीचं कुंपण आहे. शाळेतून निवृत्त होऊन मी पौडच्या पलीकडे या वाडीत कायमची राहायला आले, तेव्हा ते खांद्याला लागायचं. आक्काच्या गुडघ्यांनी आणि आमच्या गप्पांनी ओरबाडून ओरबाडून ते आता कमरेवर आलंय. त्या दिवशी मात्र तिनं दोनच डहाळ्या मोडल्या आणि पदर तोंडाशी धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं आक्का?"

"काय सांगू बाई. तोंड दाखवायला जागा नाय ठेवली पोरीनं. आमच्या छकुलीनं सरपंचाला डोळा मारला."

छकुली म्हणजे आक्काची नात. वय वर्षं सहा, इयत्ता पहिली, पुढचे दोन दात पडलेले.

"कुठं?"

"गांधीजयंतीला. शाळंच्या अंगणात, समद्या गावापुढं. सरपंच भाषाण करत व्हते आन् ही पयल्या रांगंत बसून एक डोळा मिटून त्यांच्याकडं बघतीय. मास्तरांनी दटावलं तर मास्तरांनाबी मारला. काल दूधवाल्याला. म्या इचारलं, का गं भवाने, तर म्हणती, म्या कुठं काय केलं? समदं त्या मोबाईलचं. रीलमधी बघत्यात आन् करत्यात."

मी आधी पोटभर हसून घेतलं. मग विचारलं, "उन्हात मारते की सावलीत?"

आक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, की आता बाईंनाही शेक द्यायची वेळ आली. "डोळा मारायला ऊन काय आन् सावली काय?"

"बघा तर खरं दोन दिवस."

आमच्या मुळशीत एक गंमत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन हा पाहुणा. ताम्हिणीकडून ढग येतात ते मुक्कामालाच. पोरं शाळेला जातात छत्रीखालून आणि येतात छत्रीखालून. मग ऑक्टोबर उजाडतो, भातं पिवळी पडतात आणि चार महिन्यांचं साठलेलं ऊन एकदम डोळ्यांवर येतं. छकुली पावसाळ्यात कुणालाच डोळा मारत नव्हती, त्याचं कारण तिचे संस्कार नव्हते.

तिसऱ्या दिवशी आक्का पाल्याशिवायच कुंपणाला आली. "बाई, तुमचं खरं. उन्हातच मिटती. पडवीत आली का दोन्ही उघडे. उजवाच मिटती, दरखेपी."

"आणि आक्का, तो उजवा डोळा कधी बाहेर जातो का? कानाकडं?"

झालं! एवढं विचारायला नको होतं. आक्काचा चेहरा बंद झाला. "माझ्या नातीला चकणी म्हणता व्हय बाई?" म्हणाली आणि गेली. चार दिवस निरगुडी वाढत राहिली.

मला तो शब्द मुळीच आवडत नाही. एकतर माणसाच्या डोळ्याला चकणा म्हणायचं आणि दारूबरोबरच्या शेंगदाण्यालाही चकणाच. तिरळा म्हणा, तिरवा म्हणा, कानाला कोणताच बरा लागत नाही. मुलगी असली की तो शब्द उच्चारल्याबरोबर आजीच्या डोळ्यांपुढे थेट वीस वर्षांनंतरचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम उभा राहतो. मुलगा असला तर मात्र म्हणतात, नशीबवान आहे! एकाच डोळ्याचं नशीब मुलाला चांगलं आणि मुलीला वाईट, हे कसं ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

पण मी विचारलं ते उगीच नव्हतं. त्याला माझंच एक जुनं पाप कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गात एक मुलगा होता. दुपारच्या तासाला त्याचा एक डोळा फळ्यावर आणि एक खिडकीबाहेर. मी त्याला खडू फेकून मारायची, "लक्ष कुठंय?" म्हणून. खडू लागला की दोन्ही डोळे सरळ. त्यावरून मी पक्कं ठरवलं होतं, की पोरगा सोंगाडा आहे. पुढे शाळेत मुलांची नजर कशी तपासायची याचं प्रशिक्षण झालं, तेव्हा तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी वर्णन केलं ते हुबेहूब त्याचं. दमला की, तंद्रीत गेला की, लांब बघत असला की डोळा बाहेर जातो. हाक मारली की परत येतो. उन्हात मूल एक डोळा मिटतं. तोवर तो मुलगा दहावी होऊन गेला होता. खडू परत घेता येत नाही.

पाचव्या दिवशी आक्काच म्हणाली, "रविवारी पाव्हण्यांकडं जायचंय धरणावर. येता का?" ही आमच्याकडची माफी.

मुळशी धरणाच्या काठाला आक्काच्या माहेरची माणसं आहेत. तिच्या आज्याचं मूळ गाव त्या पाण्याखाली गेलं. टाटांनी विजेसाठी धरण बांधायला घेतलं, त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी लढा दिला, हे मी वर्गात कितीदा शिकवलंय. आक्का तेच "आमची खाचरं गेली" एवढ्या तीन शब्दांत शिकवते. जेवणं झाल्यावर ती नातीला काठावर घेऊन गेली आणि बोट दाखवायला लागली, "त्या तिकडं, त्या टेकडीच्या पायाशी, पाण्याच्या पार मधी, तिथं आपलं घर व्हतं." छकुली बघत होती आणि मी छकुलीकडे.

डावा डोळा पाण्यावर होता. उजवा हळूहळू, कुणी दोरी सैल सोडावी तसा, कानाकडे निघाला. पाच-सहा सेकंद तिथंच राहिला. आक्काचं बोट हवेत तसंच राहिलं. तिनंही पाहिलं होतं. मी "छकुले" म्हटलं. तिनं पापणी मिटली, उघडली, आणि दोन्ही डोळे माझ्यावर, निरांजनाच्या ज्योतीसारखे सरळ.

परत येताना जीपमध्ये आक्का काही बोलली नाही. पिरंगुटच्या कंपनीतून पाळी संपवून सूनबाई रात्री घरी आली, तेव्हा तिघींची कुंपणापाशीच बैठक झाली. सूनबाई म्हणाली, "मला रोज दिसतं हे. रात्री, जेवताना. मला वाटायचं, झोप आलीय." आजीनं दिवसाचं मिटणं पाहिलं होतं, आईनं रात्रीचं भटकणं पाहिलं होतं, शाळेतल्या बाईंनी "लक्ष नसतं" असा शेरा मारला होता. प्रत्येकीकडे एक एक तुकडा, आणि कुणी कुणाला दाखवलेला नाही. आम्ही कुंपणावर अख्ख्या गावाच्या सुनांचं बोलतो, पण हे बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का नातीला न्हाऊमाखू घालून एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारली, बोट फिरवलं, म्हणाले, डोळे सरळ आहेत, काही नाही. आक्का विजयी मुद्रेनं परतली आणि पाच डहाळ्या तोडून घेऊन गेली.

मी त्यांना दोष देत नाही. हे दुखणंच तसं लबाड. आमच्याकडे परक्याच्या शेतात घुसणाऱ्या गुराला वढाळ म्हणतात. वढाळ गाय चोवीस तास वढाळ नसते. गुराखी जागा असला की ती कळपात, मान खाली घालून, गरीब. गुराखी पेंगला की ही दुसऱ्याच्या भातात. आणि मालक बघायला आला की गुराखी खडबडून उठतो, गाय हाकून आणतो, आणि मालक म्हणतो, माझी गाय तर देवमाणूस आहे. डॉक्टरांची खोली म्हणजे मालकाची फेरी. सकाळची वेळ, मूल ताजंतवानं, समोर पांढरा कोट, पोटात भीती. गुराखी टक्क जागा.

"मग काय रातीला न्यायची का दवाखान्यात?" आक्का वैतागली.

"न्यायची नाही. रात्रीचं चित्र न्यायचं."

सूनबाईनं दोन संध्याकाळी मोबाईल धरला. पोरीला थोडी कणकण होती. तेही बरंच झालं, कारण अंगात ताप असला की गुराखी आणखी पेंगतो. खाचरातल्या बगळ्यांकडे बघत बसलेली छकुली आणि हळूच बाहेर सरकणारा तिचा उजवा डोळा, असे तीन तुकडे मिळाले. ज्या मोबाईलला आक्कानं आधी आरोपी केलं होतं, तोच साक्षीदार झाला.

मग पुण्यातलं डोळ्यांचं हॉस्पिटल. मीही गेले. चांदणी चौकात अर्धा तास उभे होतो. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवा झाला, आता गर्दी होणार नाही म्हणाले. ती गर्दी कुठून कुठं जायचं याच्या पाट्या वाचत उभी असते. खिडकीतून लांबचं बघणाऱ्या छकुलीचा डोळा बाहेर जाऊन बसला होता. आक्का मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघा बघा, गेली तुमची गाय."

तिथं काय झालं ते दुसऱ्या दिवशी आक्कानं कुंपणावरून अलीकडच्या-पलीकडच्या चार घरांना सांगितलं. तिच्याच तोंडचं बरं.

"डॉक्टरीणबाई व्हती, कवळी पोर. म्या मोबाईल दाखवला तर खूश झाली. म्हणली, आजी, निम्मं काम तुम्हीच केलं. मग एका डोळ्यावर काळी पळी धरली आन् काढली. काढली आन् धरली. झाकलेला डोळा पळीखाली बाहेर पळायचा, पळी काढली का माघारी यायचा. काचंची पट्टी व्हती, जिन्यावानी पायऱ्यांची, ती डोळ्याफुडं धरून किती पळतोय ते मोजलं. जवळ मोजलं, सहा मीटरवर मोजलं, आन् मग खिडकीतून लांबच्या इमारतीवरचं कबुतर बघ म्हणली. कबुतराला समद्यात जास्त गेला."

"मग माशी!" मी आठवण करून दिली.

"हां, माशी! ही एवढी मोठी माशी, पुस्तकात. पोरीला काळा चष्मा घातला आन् म्हणली, पंख धर. बाई, पोरीनं हवेत चिमूट धरली! कागदाच्या चार बोटं वर! म्हंजी तिला ती माशी खरीखुरी उठून दिसत व्हती. डॉक्टरीण म्हणली, हे लई चांगलं हाय."

ते खरंच चांगलं होतं. दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या बाजूंनी दिसते; मेंदू ती दोन चित्रं एकावर एक बसवतो आणि त्यातून खोली कळते. फांदीवरचं कुठलं फळ जवळ, कुठलं लांब, सुईत दोरा कुठं जाईल, ते. छकुलीचे डोळे सरळ असतात तेव्हा ते दोघं मिळून काम करतात. म्हणून तिची नजरही दोन्ही डोळ्यांना सारखीच होती. कायम तिरळ्या असलेल्या डोळ्याला मेंदू विसरतो आणि तो आळशी होतो. येऊन-जाऊन असणाऱ्यात तसं सहसा होत नाही.

पण मला एक कोडं होतं, ते मी तिथंच विचारलं. डोळा बाहेर गेला की दोन-दोन दिसायला हवं. ही पोर कधी तक्रार का करत नाही?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान मुलाचा मेंदू फार हुशार असतो. भटकलेल्या डोळ्याचं चित्र तो तेवढ्यापुरतं बंदच करून टाकतो. म्हणून मुलाला काही कळत नाही, आरशात तर दिसतच नाही, कारण आरशात बघताना गुराखी जागा असतो. मला एकदम झारीतला शुक्राचार्य आठवला. वामनाच्या हातावर बळी पाणी सोडतोय आणि हा तोटीत बसून धार अडवतोय. त्या गोष्टीत दर्भाची काडी घालून शुक्राचार्याचा डोळा फुटतो. इथं डोळा शाबूत, फक्त धार बंद. लाल-हिरवा चष्मा घालून चार दिवे दाखवतात ते यासाठीच. चारही दिसले तर झारी मोकळी. दोन किंवा तीनच दिसले तर कोणत्या डोळ्याच्या तोटीत शुक्राचार्य बसलाय ते कळतं. छकुलीनं जवळचे दिवे चार सांगितले, लांबचे तीन.

मोठ्या माणसाचा मेंदू असा लवचिक नसतो. मोठेपणी अचानक डोळा वाकडा झाला आणि एकाचे दोन दिसायला लागले, तर ते वेगळं आणि गंभीर दुखणं. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि बाळाच्या बुबुळात फोटोत किंवा अंधारात मांजरासारखी पांढरी चमक दिसली, तर तिथं वाट बघणं हा गुन्हाच. हे दोन्ही त्यांनी न विचारता सांगितलं, म्हणून मीही सांगते.

आक्काची चौकशी निराळ्या दिशेनं चालली होती. "कशानं झालं म्हणावं? सून पोटुशी असताना गिऱ्हाण पाळलं नाय. पाळण्यावर चिमणाळं बांधलं व्हतं, तेबी एका अंगाला."

ग्रहणाचा संबंध नाही, चिमणाळ्याचा नाही, काजळाचा नाही, मोबाईलचाही नाही. हे दुखणं बहुधा शाळेत जायच्या आधीच सुरू झालेलं असतं, लक्षात येतं उशिरा. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू. त्यात एक नाकाकडे ओढणारा, एक कानाकडे. बैलजोडीतला बाहेरचा बैल जरा जास्त ओढतो आणि जू सरळ ठेवायची मेंदूची ताकद कधी कधी कमी पडते, इतपतच सांगता येतं. युरोपात आत वळणारे डोळे जास्त दिसतात, आपल्या आशियात बाहेर जाणारे. आणि घराण्यात असू शकतं.

"घराण्यात?" आक्का थबकली. मग घरात गेली आणि लग्नातला फोटो घेऊन आली. फोटोत मुंडावळ्या, फेटा, शेजारी सोळा वर्षांची आक्का, आणि नवरदेवाचा डावा डोळा ठार मंडपाबाहेर. "आमच्या ह्यांचा. फोटोवाल्यानं लई वेळ उभं केलं व्हतं तवा. म्या म्हणायची, भाग्याचा डोळा हाय." फोटो पदरानं पुसत ती म्हणाली, "एरवी चांगला सरळ बघायचे हो."

आता आक्काचा भाचा. हा एकवीस वर्षांचा, भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला पौड रस्त्यावर धावणाऱ्या पोरांच्या टोळीत असतो. त्याला गावात सगळे 'लकी' म्हणतात, का ते आता सांगायला नको. केंद्रीय दलांच्या भरतीच्या जाहिरातीत साफ लिहिलेलं असतं, गुडघ्याला गुडघा लागता कामा नये, तळपाय सपाट नको, पायाच्या शिरा फुगलेल्या नकोत, आणि डोळ्यांत तिरळेपणा नको. लकीनं ती ओळ वाचली होती आणि वाचली नाही असं ठरवलं होतं. पोराला वाचताना डोकं दुखायचं, ओळी एकमेकीत मिसळायच्या. तो समजायचा अभ्यास जास्त झाला. छकुलीचं ऐकून तो रात्री कुंपणापाशी आला, अंधारात, म्हणाला, "बाई, हे मोठ्यांचं पण होतं का सरळ?"

होतं, म्हटलं. मोठ्यांचीही शस्त्रक्रिया होते. पण भरतीच्या वैद्यकीय तपासणीत काय धरतील ते तपासणाऱ्याच्या हाती. आधी जाऊन दाखव. ससूनला दाखव नाहीतर महंमदवाडीला देसाई नेत्र रुग्णालयात दाखव, पण रस्त्यावर धावत बसू नकोस. त्याला जवळचं बघताना डोळे एकत्र आणायला त्रास होतो असं निघालं. या प्रकाराला पेन्सिलचा व्यायाम सांगतात. हातभर लांबून पेन्सिल नाकाकडे आणायची आणि टोक एकच दिसेल असं धरून ठेवायचं. लकी हल्ली सूर्यनमस्कारानंतर अंगणात नाकाशी पेन्सिल नेत असतो. वाटेनं जाणाऱ्यांना वाटतं, पोरगं अभ्यासानं बिघडलं.

त्यानंच मोबाईलवर शोधून मला लिओनार्दोचं सांगितलं. २०१८ मध्ये क्रिस्टोफर टायलर नावाच्या लंडनच्या संशोधकानं लिओनार्दो दा विंचीची मानली जाणारी सहा चित्रं-शिल्पं मोजून म्हटलं, की त्यालाही हा येऊन-जाऊन बाहेर जाणारा डोळा असावा. एका डोळ्यानं जग सपाट दिसतं, ते कागदावर उतरवायला सोपं, असा टायलरचा तर्क. पाचशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या पुतळ्याचे डोळे मोजून निदान करणं मला जरा धाडसाचंच वाटतं. पण लकी ते सगळ्यांना सांगत सुटलाय, आणि गावात आता लिओनार्दो हा कुणीतरी भरतीत नापास झालेला मुलगा आहे असा समज आहे.

छकुलीच्या उपचाराचं मात्र आक्काला पटेना. औषध नाही, इंजेक्शन नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर तपासला, मागचा पडदा पाहिला. थोडा लांबचा नंबर निघाला, त्याचा चष्मा. नीट दिसलं की गुराख्याला काम सोपं जातं. बाकी, सहा महिन्यांनी या, तोवर लक्ष ठेवा.

"लक्ष ठिवा? त्याला काय एवढं पुण्याला जायाचं? आपरेशन का नाय केलं?"

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं, पण तिला पुन्हा माझ्याकडून ऐकायचं होतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन ते दहा वर्षांच्या मुलांवर पाहिलं. निम्म्यांना रोज तीन तास डोळ्याला पट्टी, निम्म्यांवर नुसती नजर. सहा महिन्यांनी नुसती नजर ठेवलेल्या १६५ मुलांपैकी १० जणांचं बिघडलं, पट्टीवाल्या १५९ पैकी एकाचं. म्हणजे पट्टीनं थोडा फायदा, पण पट्टी नसली तरी बहुतेकांचं जागच्या जागी राहिलं. मग सहा वर्षांच्या पोरीला वढाळ गुराच्या गळ्यात बांधतात तसं लोढणं लगेच का बांधा?

"आन् आपरेशन?"

"त्यात डोळा बाहेर काढत नाहीत, हे आधी ऐका."

हे सांगावंच लागतं. डोळा काढून ताटलीत ठेवतात आणि पुसून परत बसवतात, ही गोष्ट मी तीन तालुक्यांत ऐकलीय. लहान मुलाला पूर्ण भूल देतात, बाहेर ओढणारा स्नायू त्याच्या जागेवरून सोडवून थोडा मागे शिवतात. कधी दोन्ही डोळ्यांचा तोच, कधी एकाच डोळ्याचा बाहेरचा सैल आणि आतला घट्ट. बैलाच्या सापतीचं भोक एक घर मागं घ्यावं, तसं. यातली कोणती पद्धत बरी, याचाही निकाल २०१९ मध्ये लागला, म्हणजे लागला नाही. तीन वर्षांनी एकीत शंभरातल्या ४६ आणि दुसरीत ३७ मुलांचं हवं तसं जमलं नव्हतं, आणि हा फरक पक्का धरण्याइतका नव्हता. डोळा पुन्हा बाहेर जाऊ शकतो, दुसऱ्यांदा करावं लागू शकतं. म्हणून ती घाईनं करायची गोष्ट नाही, आणि टाळत राहायचीही नाही. डोळा दिवसाचा बराच वेळ बाहेर राहायला लागला, हाक मारून, पापणी मिटूनही परत येईना, किंवा माशीचे पंख हवेत लागेनासे झाले, की वेळ आली.

"मंजी ते कळणार कसं?"

"बघून. म्हणून तर लक्ष ठेवा म्हणाल्या."

तेव्हा कुठं आक्काला त्या 'लक्ष ठेवा'ची किंमत कळली. डॉक्टरकडे छकुली वर्षातून दोनदा जाणार, वीस-वीस मिनिटं. उरलेला सगळा वेळ डोळा आमच्या हद्दीत. सरकारचंही लक्ष आहे; बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला. त्याची तपासणीची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा, आणि डोळे त्यात असतातच. पण तीही मालकाचीच फेरी. गाडी आली की वर्ग सावधान. वढाळ गाय कोण बघतं? शेजारचा शेतकरी बघतो, कारण भात त्याचं असतं.

आता आक्काच्या पडवीत कालनिर्णय टांगलंय, त्यावर फुल्या. डोळा गेला की फुली. आपण होऊन परत आला तर साधी, हाक मारावी लागली तर गोल करून. आक्का निरक्षर आहे, पण तिच्या फुल्या कुणाही परिचारिकेच्या नोंदीपेक्षा चोख आहेत. दूधवाला फाटकातून ओरडून सांगतो, "आक्का, एक घाला, आत्ता गेला व्हता." शाळेतल्या बाईंनी "लक्ष नसतं" हा शेरा खोडला आणि छकुलीला पहिल्या बाकावर आणलं. उन्हासाठी डॉक्टरीणबाईंनी चोच असलेली टोपी सांगितली होती. टोपी घातली की छकुली डोळा मारत नाही, एवढं सरपंचांच्या कानावर घालायचं काम माझ्याकडे होतं. मी ते केलं. ते जरा खट्टू झाल्यासारखे वाटले.

२६ जानेवारीला त्यांचं भाषण पुन्हा झालं. छकुली पहिल्या रांगेत, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, दोन्ही डोळे उघडे. आक्का आणि मी मागच्या भिंतीला टेकून. भाषण पंचवीस मिनिटं चाललं. विसाव्या मिनिटाला उजवा डोळा बाहेर गेला, टाळ्या वाजल्यावर आपण होऊन परत आला. घरी आल्याबरोबर आक्कानं साधी फुली मारली.